तलावकाठचे पाणकणीस: ओळख, अधिवास आणि कापणीची वेळ

नागपुरातील हिंगणा मार्गालगतच्या एका ले-आउटमधील रहिवाशांचा प्रश्न असा आहे की, त्यांच्या वस्तीशेजारच्या लहान तलावाच्या काठी गेल्या काही वर्षांत पुरुषभर उंचीची, बाजरीसारखी तपकिरी कणसे धरणारी एक वनस्पती झपाट्याने पसरते आहे. हा लव्हाळा कोणता, तो नेमका कुठे वाढतो, सगळा तलाव व्यापून टाकेल काय, आणि मे महिन्यात पाणी आटल्यावर जेसीबी लावून तो मुळासकट उपटून काढावा काय, असे त्यांनी विचारले आहे. सोबतच्या छायाचित्रांवरून वनस्पतीच्या ओळखीबद्दल शंका राहत नाही. जेसीबीच्या मात्र मी विरोधात आहे, आणि त्या विरोधाचे कारण या वनस्पतीच्या शरीररचनेतच असल्यामुळे आधी रचनेबद्दल आणि मग उपायाबद्दल लिहितो.

ही वनस्पती म्हणजे पाणकणीस. काही भागांत तिला रामबाण असेही म्हणतात. आपल्याकडे पाणथळीत उभे वाढणाऱ्या कोणत्याही हिरव्या पात्याला लोक सरसकट लव्हाळा म्हणून मोकळे होतात, परंतु त्या एका नावाखाली निदान तीन वेगळी कुले येतात. नागरमोथ्याच्या सायपरेसी कुलातील वनस्पतींचे खोड बहुधा तीनधारी व भरीव असते आणि पाने तीन रांगांत येतात. जंकेसी कुलातील वनस्पतींना सहा दलांची अगदी बारीक फुले येतात व त्यांचे बोंड तडकल्यावर त्यातून धुळीसारखे बी सांडते. पाणकणसाचे कुल टायफेसी. त्याची पाने दोन समोरासमोरच्या रांगांत, एकमेकांना आवळून धरणाऱ्या आवरणांतून वर येतात आणि टोकापर्यंत पट्टीसारखी सरळ जातात. त्यांना मधली शीर उठून दिसत नाही. वेखंडाची पानेही तलवारीसारखीच असतात, पण वेखंडाच्या पानाला मधोमध उंचवटा असतो आणि ते चुरगळले की लगेच वास येतो. नळ या उंच गवताची ओळख त्याहून सोपी आहे, कारण त्याच्या खोडाला पेरे असतात, पाने पेऱ्यापेऱ्यावर फुटतात आणि वर कणसाऐवजी मोकळा तुरा येतो.

तुमच्या तिसऱ्या छायाचित्रात पाणकणसाच्या पुढे, अधिक उथळ पाण्यात, पानेच नसलेल्या गोल हिरव्या काड्यांचा एक झुबका दिसतो. ती वनस्पती वेगळी आहे. तिचे नाव शोनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा. जुन्या ग्रंथांत ती स्किर्पस आर्टिक्युलाटस या नावाने सापडेल. तिचा फुलोरा काडीच्या मध्यावरून फुटल्यासारखा वाटतो, कारण फुलोऱ्याखालचे छद, म्हणजे पानासारखा भाग, काडीच्याच रेषेत सरळ वर वाढलेले असते. काडी दोन बोटांत दाबत नेली तर आतले आडवे पडदे एकामागून एक फुटल्याचे बोटांना जाणवते. विदर्भातल्या तलावांची ही जुनी रहिवासी आहे आणि तिला कोणीही हात लावू नये, ही विनंती इथेच करून ठेवतो; सफाईच्या उत्साहात सर्वांत आधी तीच उपटली जाते.

आता जातीबद्दल. पाणकणसाची टायफा ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली वर्णिली. आपल्या अनेक पुस्तकांत मध्य भारतातील पाणकणसाला टायफा अँगुस्टिफोलिया किंवा टायफा अँगुस्टाटा म्हटलेले आढळते. यांपैकी अँगुस्टाटा हे नाव आता टायफा डोमिंजेन्सिस या जातीत समाविष्ट झाले आहे आणि तुमच्या छायाचित्रांतील वनस्पतीही त्याच जातीची आहे. शेंड्याकडे नरफुलांचा भाग, खाली मादीफुलांचा भाग आणि दोहोंच्या मध्ये काही सेंटिमीटर उघडा दांडा, ही या जातीची पहिली खूण होय. टायफा लॅटिफोलियात हे दोन्ही भाग एकमेकांना चिकटून असतात. दुसरी खूण मादी कणसाच्या रंगाची: डोमिंजेन्सिसचे कणीस दालचिनीसारख्या फिकट तपकिरी रंगाचे असते, तर खऱ्या अँगुस्टिफोलियाचे गडद. टायफा एलिफंटिना नावाची आणखी एक थोराड जात भारतात आहे. तिच्या पानाचा खालचा भाग आडवा कापला तर तो त्रिकोणी दिसतो, त्यामुळे ब्लेडच्या एका कापात तिचा निकाल लागतो.

आपण ज्याला एक कणीस म्हणतो ते हजारो मादीफुलांचे दाट बांधकाम असते. एक चिमूट फुले काढून भिंगाखाली पसरली तर प्रत्येक फुलाच्या देठावर पांढऱ्या केसांचा झुबका, वर चिमुकले बीजकोश आणि त्याच्याही वर पराग झेलणारे, पट्टीसारखे अरुंद किंजल्क दिसते. त्यांच्यात काही वांझ फुलेही मिसळलेली असतात. त्यांचा बीजकोश फुगीर आणि वर बोथट असतो व त्यात बी धरत नाही. मादीफुले आधी तयार होतात आणि त्याच दांड्यावरची नरफुले मागाहून पराग सोडतात, त्यामुळे निदान सुरुवातीला तरी दुसऱ्या दांड्यावरचा पराग येण्यास वाव राहतो. परागण वाऱ्याने होते. एका कणसातून लाखाच्या वर फळे सुटू शकतात. केसांच्या आधाराने ती वाऱ्यावर दूरवर जातात, पाण्यावर पडली की भिजून उघडतात आणि बी तळाशी बसते. म्हणूनच नवा खोदलेला तलाव असो की बांधकामासाठी खणून सोडून दिलेला खड्डा असो, दोन पावसाळ्यांत तिथे पाणकणीस हजर होते. ते कोणी आणून लावावे लागत नाही.

परंतु एवढे बी असूनही दाट लव्हाळीच्या आत नवी रोपे जवळजवळ दिसतच नाहीत. बी रुजायला ऊब, ओल आणि मुख्य म्हणजे उजेड लागतो. जुन्या पात्यांच्या सावलीत आणि कुजणाऱ्या थराखाली उजेड पोहोचत नाही, तर खोल पाण्याखाली रोप उभेच राहू शकत नाही. रोपाला हवा असतो तो नुकताच उघडा पडलेला ओला गाळ, किंवा त्यावर दोन-चार बोटे पाणी. एकदा का रोप रुजले की पुढचा सारा विस्तार गाळात आडव्या वाढणाऱ्या जमिनीखालच्या खोडाने, म्हणजे मूलक्षोडाने होतो. अंगठ्याएवढे जाड, आतून पिठूळ, स्टार्चने भरलेले हे मूलक्षोड दर हंगामात चहूबाजूंना सरकते आणि टोकाटोकाला नवे कोंब वर काढते. फुललेला कोंब फळे पिकल्यावर मरतो, पण त्याच्या शेजारी त्याचे चार भाऊबंद तयार असतात. काठावर दिसणारा शेकडो पात्यांचा पट्टा पुष्कळदा एकाच बियापासून वाढलेला असतो.

रचनेतला सर्वांत महत्त्वाचा भाग यापुढे आहे. पाणकणसाचे एक हिरवे पान तळाशी धरून कापा. पानांच्या आवरणांमधला बुळबुळीत द्रव बोटांना लागेल. मग तोच काप उजेडाकडे धरून पाहा: वरची आणि खालची हिरवी त्वचा सोडली तर पान आतून जवळपास पोकळच असते. उभ्या पडद्यांनी पाडलेल्या नळ्या एकीला लागून एक अशा मांडलेल्या असतात आणि त्या नळ्यांत ठरावीक अंतरावर जाळीदार आडवे पडदे असतात. त्या पडद्यांतून हवा जाते, पण पान मोडले तरी पाणी सहजासहजी पुढे सरकत नाही. या पोकळ ऊतकाला वायुऊतक म्हणतात आणि ते पानापासून मूलक्षोडापर्यंत व तिथून मुळांपर्यंत अखंड गेलेले असते.

याची गरज का पडते, ते गाळ हातात घेतल्यावर कळते. तलावाचा गाळ काळा असतो आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणजे त्यात प्राणवायू नसतो. सामान्य झाडाची मुळे अशा गाळात गुदमरून मरतील. पाणकणीस मात्र आपली हवा वरून खाली आणते, आणि केवळ झिरपण्यावर विसंबत नाही. कोवळ्या, हिरव्या पानांच्या आतली हवा बाफेने भरलेली व उबदार असते, तर बाहेरची कोरडी असते. पानातल्या अतिसूक्ष्म छिद्रांमधून बाहेरची हवा आत शिरत राहते, आत दाब वाढतो आणि त्या दाबाने हवा मूलक्षोडाकडे ढकलली जाते. तिथून ती जुन्या, मेलेल्या किंवा मोडलेल्या पात्यांतून परत बाहेर पडते. म्हणजे हिरवे पान हवा आत घेते आणि वाळलेले पान ती बाहेर सोडते. ऊन आणि कोरडेपणा जितका अधिक तितका हा प्रवाह जोरदार असतो, रात्री तो मंदावतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बाकीचे सारे कोमेजत असताना पाणकणीस ताजेतवाने का राहते, याचे अर्धे उत्तर पाण्यात आहे आणि अर्धे या हवेत.

या व्यवस्थेचा पुरावा डोळ्यांनी पाहता येतो. काळ्या गाळातून एक मूळ हलकेच उपसून धुतले तर त्यावर विटकरी रंगाचा गंज चढलेला दिसतो. मुळातून झिरपणारा प्राणवायू गाळातल्या विरघळलेल्या लोहाला भेटतो आणि त्याचा थर मुळावर बसतो. मुळाभोवतीच्या या प्राणवायूयुक्त पापुद्र्यात काही सूक्ष्मजीव सांडपाण्यातल्या अमोनियाचे नायट्रेट करतात आणि त्याला लागून असलेल्या प्राणवायूहीन गाळात दुसरे सूक्ष्मजीव त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी बांधलेल्या कृत्रिम पाणथळींचे तत्त्व हेच आहे. आपल्या नागपुरातील नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीतही पाणकणसासारख्या वनस्पती वापरल्या जातात. मात्र तिथे पाणी मोजून सोडलेले असते आणि खडीच्या थरातून मुळांच्या जवळून फिरवलेले असते. तलावाच्या काठी आपोआप उगवलेले पाणकणीस गडरलाइनचे सगळे पाणी शुद्ध करील, अशी अपेक्षा बाळगू नये.

अधिवासाची मर्यादाही हवाच ठरवते. ओल्या चिखलापासून साधारण दीड मीटर खोलीपर्यंत पाणकणीस मुळे धरून उभे राहते. त्यापलीकडे पात्यांचा बराच भाग पाण्यात बुडतो, हवा आत घेणारा पृष्ठभाग कमी पडतो आणि मूलक्षोडाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. त्यामुळे तलाव मध्यभागी बारमाही दोन-तीन मीटर खोल असेल तर पाणकणीस तो व्यापून टाकील, ही भीती अनाठायी आहे. मात्र खोली कायम राहत नाही. दाट पाती वाहत आलेली माती अडवतात, वाळलेली पाने तिथेच साचतात, काठ हळूहळू उथळ होतो आणि पाणकणसाची रेषा आत सरकते. सगळा तलाव दीड मीटरच्या आत असेल तर तुमची काळजी रास्त आहे, म्हणून सर्वांत आधी दोरीला वजन बांधून मध्यभागाची खोली मोजावी. ती दर वर्षी मे महिन्यात मोजून नोंदवली तर पुढचे बरेच वाद वाचतील.

गेल्या काही वर्षांतच ते का वाढले, हा प्रश्न तुम्ही थेट विचारलेला नाही, परंतु उपाय त्यावरच अवलंबून आहे. नागपूरचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. मोकळ्या, जुन्या रीतीच्या तलावात पावसाळ्यात पाणी चढते, उन्हाळ्यात ते खूप आत हटते आणि काठचा गाळ भेगाळेपर्यंत सुकतो. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत आणि बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, या चढउतारामुळेच एकाच तलावात अनेक पट्टे दिसतात: काठाला देवधान (रानटी भात), त्यापुढे एलिओकॅरिस व अन्य लव्हाळे, मग कमळ आणि कुमुदिनी, तळाशी पाण्यात बुडून वाढणारे शेवाळवर्गीय व इतर जलवनस्पती. त्या चक्रात पाणकणसाला जागा असते, पण ती ठराविक. वस्तीतल्या तलावात नाल्याचे पाणी बारा महिने येत राहिले की दोन गोष्टी एकदम बदलतात. पाण्याची पातळी स्थिर राहते आणि पाण्यात नत्र व स्फुरद वाढतात. पाणकणीस दोन्हींचा फायदा इतरांपेक्षा लवकर उठवते. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत हीच जात मूळचीच आहे, परंतु शेतीतून वाहून आलेल्या स्फुरदामुळे तिने तिथल्या सॉग्रास नावाच्या लव्हाळ्याला मोठ्या क्षेत्रातून हटवले. तिथे पाण्यातील एकूण स्फुरदाची मर्यादा लिटरमागे सुमारे १० मायक्रोग्रॅम इतकी कडक ठरवावी लागली. तुमच्या तलावातील पाणकणीस हा सांडपाण्याचा परिणाम आहे. सांडपाणी वळवले नाही तर पाणकणीस काढल्यावर तीच जागा जलपर्णी घेईल, आणि जलपर्णी मुळे धरत नसल्यामुळे तिला खोलीची मर्यादाही नाही.

सगळे पाणकणीस काढावे काय? माझे उत्तर नाही असे आहे. जांभळी पाणकोंबडी त्याचे कोवळे बुंधे सोलून खाते आणि त्याच दाटीत घरटे करते. सुगरणीच्या कुळातली, छातीवर काळ्या रेघा असलेली जात तर घरटे बांधायला अशाच पाण्यातल्या उभ्या पात्यांची निवड करते. काठावर लाटा आपटून होणारी पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, धूपही ही दाटी थोपवते. पाणकणसामुळे डास होतात, ही तक्रार मात्र पूर्णपणे खोटी नाही. मॅन्सोनिया या डासांच्या अळ्या पाण्याबाहेर न येता जलवनस्पतींच्या मुळांत व बुंध्यांत नळी खुपसून त्यांच्या वायुऊतकातली हवा घेतात, आणि अखंड दाटीत मासे शिरू शकत नाहीत. त्यावर उपाय म्हणून दाटीतून पाण्याच्या दीड-दोन मीटर रुंदीच्या वाटा मोकळ्या कराव्यात, म्हणजे मासे आतपर्यंत फिरतील.

आता जेसीबी. मे महिन्यात आटलेल्या गाळात यंत्र फिरवले तर मूलक्षोडाचे तुकडे होतात, आणि ज्या तुकड्यावर कोंब आहे तो प्रत्येक तुकडा नवे रोप होतो. त्याच वेळी वरचा कुजका थर हटून ओला, उघडा, उजेडातला गाळ तयार होतो, म्हणजे वर सांगितलेली बी रुजण्याची नेमकी परिस्थिती. शिवाय यंत्र लव्हाळ्याची जात पाहत नाही. ज्या तलावांत अशी सफाई झाली तिथे दुसऱ्या वर्षी पाणकणीस अधिक एकसंध झालेले मी पाहिले आहे. जाळण्यानेही साधत नाही, कारण आग वरची पाती घेते आणि मूलक्षोड गाळात सुरक्षित राहते. तणनाशक तलावात वापरण्याचा विचारही करू नये.

काम करते ती पाण्याखालची कापणी. पाणी चढण्याआधी, म्हणजे मेच्या अखेरीपासून पहिल्या मोठ्या पावसापर्यंत, ठरवलेल्या पट्ट्यातील पाती विळ्याने गाळाच्या शक्य तितक्या जवळून कापावीत. या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष वाळलेल्या पात्यांकडे होते. मजूर हिरवी पाती कापतात आणि कोरडे दांडे मेलेले म्हणून सोडून देतात. हवा बाहेर जाण्याची वाट तेच दांडे आहेत. पाण्याच्या वर एक जरी पोकळ दांडा उरला तरी त्याखालचे मूलक्षोड श्वास घेत राहते. हिरवे-कोरडे सगळे कापले आणि पावसाचे पाणी सर्व खुंटांवर वीतभर चढून काही आठवडे तसेच राहिले, तर मूलक्षोडाची हवा तुटते, साठवलेला स्टार्च प्राणवायूविना खर्च होतो आणि ते कुजते. पाणी पुरेसे चढले नाही व पुन्हा कोंब वर आले, तर ते कणीस धरण्याच्या सुमारास, कमरेइतक्या पाण्यात उतरून, पाण्याखालीच दुसऱ्यांदा कापावेत. फुलोऱ्याच्या वेळी मूलक्षोडातला साठा कमी झालेला असतो, त्यामुळे तो घाव अधिक लागतो. मात्र त्या महिन्यांत पक्ष्यांची घरटी असतात, म्हणून आधी पट्टा चालून पाहावा आणि घरटे असलेला भाग वगळावा. पाण्यात उतरणाऱ्यांनी गमबूट आणि जाड हातमोजे वापरावेत. खोलीचा अंदाज असलेल्या स्थानिक मासेमारांना सोबत घेणे उत्तम.

कापलेली पाती काठावर ढीग घालून ठेवू नयेत. ती कुजली की त्यातला नत्र-स्फुरद पहिल्याच पावसात परत तलावात जातो आणि केलेली मेहनत वाया जाते. पाळीच्या बाहेरच्या बाजूला नेऊन ती कंपोस्टसाठी वापरावीत. सुकवलेल्या पानांच्या चटया उत्तर भारतात विणल्या जातात, त्यामुळे कोणाला हौस असेल तर कच्चा माल भरपूर आहे. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे सिंधमध्ये पाणकणसाचा पिवळा पराग गोळा करून त्याची मिठाई करण्याची जुनी पद्धत आहे. नागपुरातल्या जरीपटका या सिंधी वस्तीतील एखाद्या वयस्कर सिंधी गृहस्थांना विचारून पाहा, कदाचित त्यांना ती चव ठाऊक असेल. सांडपाणी येणाऱ्या तलावातला पराग किंवा मूलक्षोड मात्र खाऊ नये, कारण ही वनस्पती पाण्यातले जड धातू मुळांत साठवते.

कापणीचा क्रमही ठरवून घ्यावा. पहिला हक्क सांडव्याचा. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते नागपूरकर विसरलेले नाहीत. सांडव्याचे तोंड आणि त्यापुढचा नाला इथे पाणकणसाचे एकही पाते असू नये, आणि तिथली सफाई दर वर्षी मेमध्येच व्हावी. दुसरा क्रम तलावाच्या आतल्या, म्हणजे खोल पाण्याकडच्या कडेचा, कारण विस्तार त्या बाजूने होतो आणि पाणीही तिथेच लवकर चढते. नाल्याचे पाणी ज्या कोपऱ्यातून येते तिथली दाटी शेवटपर्यंत ठेवावी. तिथे ती गाळ आणि प्लास्टिक अडवते आणि थोडाफार नत्र खाते. पहिल्या वर्षी एकूण दाटीच्या तिसऱ्या भागापेक्षा अधिक कापू नका. त्या मोकळ्या पट्ट्यात डिसेंबरपर्यंत काय उगवते ते पाहा. शोनोप्लेक्टिएला, देवधान किंवा कुमुदिनी आपोआप आली तर पुढचा पट्टा घ्या. जलपर्णी आली तर कापणी थांबवा आणि आधी नाल्याच्या पाण्याचा बंदोबस्त करा.